तळाशी गेलेली आगबोट ओळखायची कशी?

बल्लारपूरच्या लाकूड आगारात सागवानाच्या थप्प्या लागलेल्या असतात. प्रत्येक ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर नंबर असतो, लांबी आणि गोलाई लिहिलेली असते आणि वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का उमटलेला असतो. रंगाने लिहिलेले अक्षर दोन पावसाळ्यांत पुसट होते, पण ठोकलेला शिक्का लाकडात रुतून बसतो. चोरीचे लाकूड सापडले की चौकशी उलटी जंगलाकडे चालत जाते. कापलेल्या झाडाच्या थुटाचा घेर मोजतात, ओंडक्याच्या गोलाईशी ताडून पाहतात, मग कूपाचे रजिस्टर आणि वाहतूक परवाना काढतात. थूट, ओंडका आणि कागद हे तिन्ही जुळले की लाकूड कुठले ते ठरते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनरक्षकाला ही रीत तोंडपाठ असते.

महायुद्धात बुडालेली व्यापारी आगबोट ओळखण्याची रीत याहून फार वेगळी नाही. फरक एवढाच की इथे ओंडका कधी अडीच, कधी पाच किलोमीटर पाण्याखाली अंधारात पडलेला असतो, त्याचे थूट म्हणजे एखाद्या गोदीतले ऐंशी-शंभर वर्षांपूर्वीचे नकाशे असतात आणि परवाना लंडन, बर्लिन किंवा टोकियोच्या दप्तरात असतो. गेल्या पंचवीस वर्षांत अशा अनेक आगबोटी सापडल्या. त्यांतल्या काहींचा मुंबईशी थेट संबंध होता. त्यांची ओळख कशी पटली, कुठे चुकली आणि ओळख पटल्यावरही काय उरले, याचा हा आढावा.

नाव का वाचता येत नाही

सर्वसाधारण समजूत अशी की कॅमेरा खाली सोडायचा, जहाजाच्या नाळेवरचे नाव वाचायचे आणि काम संपले. प्रत्यक्षात नाव वाचायला मिळणे हे नशिबाचे काम असते. युद्धकाळात व्यापारी जहाजांवर करडा रंग फासत आणि त्याबरोबर बाजूवरचे नावही झाकून टाकत. शत्रूच्या पाणबुडीला जहाज कोणते ते कळू नये, हा त्यामागचा हेतू. जे नाव दडवून ठेवले, तेच ऐंशी वर्षांनी शोधणाऱ्याला हवे असते. त्यावर गंजाचे थर चढलेले असतात. जहाज नाळेवर आदळले असेल, तर तो भागच चिखलात गेलेला असतो.

दुसरी अडचण एकाच साच्यातल्या जहाजांची. पाणबुड्या जहाजे बुडवत होत्या त्याहून जलद ती बांधायची होती. म्हणून पहिल्या महायुद्धात ब्रिटनने ठरावीक नमुन्यांची जहाजे काढली आणि त्यांच्या नावांची सुरुवात 'वॉर' या शब्दाने केली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने एकाच आराखड्यावर २,७१० लिबर्टी जहाजे बांधली. एकाच भट्टीच्या विटांसारखी ही जहाजे. लांबी तीच, रुंदी तीच, होल्ड म्हणजे माल भरायचे कप्पे तितकेच. अशा दोन बहिणी एकाच समुद्रात बुडाल्या असतील, तर नुसत्या मोजमापाने त्यांच्यातला फरक कळत नाही.

ब्रिटिश नोंदणीच्या जहाजाला मात्र एक कायमचा शिक्का असे. कायद्याने त्याचा अधिकृत क्रमांक आणि वजनमापाचा आकडा मुख्य तुळईवर कोरावा लागत असे. बल्लारपूरच्या हातोड्याचा हा समुद्रावरचा भाऊबंद. मालक बदलला, नाव बदलले, तरी क्रमांक तोच राहतो. पण ही तुळई जहाजाच्या पोटात असते आणि मोडलेल्या सांगाड्यात तिथवर यंत्र पोचणे क्वचितच जमते.

पहिला पुरावा कागदाचा

त्यामुळे शोध सुरू होतो तो जमिनीवर. बुडणाऱ्या जहाजाच्या बिनतारी संदेशातली जागा, वाचलेल्यांच्या जबान्या, ताफ्यातल्या इतर जहाजांच्या नोंदी आणि युद्धानंतर हाती आलेली पाणबुड्यांची दैनंदिनी, ही चार साधने. चारही साधनांत चूक असते. आकाश ढगाळ असले की सूर्य-तारे पाहून जागा काढता येत नसे. मग वेग, दिशा आणि वेळ यांवरून अंदाजाचा हिशोब मांडत आणि वादळात तो कित्येक मैल हुकत असे. जर्मन पाणबुड्या तर समुद्राचे चौकोन पाडून चौकोनाचा क्रमांक लिहीत. शोधणाऱ्यांना हे सगळे एका नकाशावर मांडून, कोणाची चूक कोणत्या बाजूला झाली असेल याचा विचार करून, शोधाचे क्षेत्र आखावे लागते.

'गैरसोप्पा' या आगबोटीची गोष्ट इथे नीट सांगण्यासारखी आहे. शरावतीच्या काठचे, जोगच्या धबधब्यामुळे प्रसिद्ध झालेले गेरुसोप्पे हे नाव ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने आपल्या एका मालवाहू जहाजाला दिले होते. १९१९ साली इंग्लंडमधल्या जॅरो इथल्या पामर्सच्या गोदीत बांधलेले हे जहाज मुळात त्या 'वॉर' नमुन्यातलेच. डिसेंबर १९४० मध्ये ते चांदी, चहा आणि बिडाचे लोखंड घेऊन कोलकात्याहून निघाले. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्रीटाउनला ताफ्यात सामील झाले. पुढे वादळ लागले, कोळसा संपत आला, म्हणून कप्तानाने ताफा सोडून आयर्लंडच्या गॉल्वे बंदराकडे तोंड वळवले. एकट्या पडलेल्या या जहाजाला १६ फेब्रुवारी १९४१ च्या रात्री यू-१०१ या पाणबुडीने टॉर्पेडो मारला. सुमारे वीस मिनिटांत ते गेले.

रिचर्ड आयर्स हा दुय्यम अधिकारी काही गोऱ्या आणि भारतीय खलाशांबरोबर होडीत होता. थंडी, तहान आणि लाटांत एकेक माणूस गेला. तेराव्या दिवशी होडी इंग्लंडच्या दक्षिण टोकाला, कॉर्नवॉलच्या खडकाळ किनाऱ्याला लागली आणि तिथे उलटली. सगळ्या जहाजावरचा आयर्स हा एकटाच जगला. त्याची जबानी, पाणबुडीची दैनंदिनी आणि कंपनीची कागदपत्रे यांवर २०११ चा शोध उभा राहिला.

मग आवाज, मग डोळे

पाण्यात उजेड थोड्याच अंतरावर विझतो, पण आवाज लांबवर जातो. म्हणून शोधाचे पहिले हत्यार ध्वनिलहरींचे. तळाजवळून ओढत नेलेले यंत्र दोन्ही बाजूंना ध्वनी सोडते, परतलेल्या प्रतिध्वनीवरून तळाचे चित्र काढते. लोखंडाचा प्रतिध्वनी ठळक येतो, त्यामागे सावली पडते, सावलीच्या लांबीवरून उंची कळते. अनुभवी माणूस अशा चित्रात खडक आणि जहाज वेगळे ओळखतो, पण कुठले जहाज हे त्याला त्यावरून सांगता येत नाही.

उथळ समुद्रात हे काम फार पुढे गेले आहे. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यामधल्या आयरिश समुद्रात वेल्समधल्या बँगर विद्यापीठाच्या 'प्रिन्स मॅडॉग' या संशोधन जहाजाने साडेसात हजार चौरस मैलांतले २७३ सांगाडे मल्टिबीम पद्धतीने मोजले. एकाच वेळी अनेक ध्वनिशलाका पंख्यासारख्या सोडून तळाचा उंचसखल नकाशा काढायची ही पद्धत. मिळालेली लांबी, रुंदी आणि होल्डची ठेवण सागरी पुरातत्त्वज्ञ इनेस मॅककार्टनी यांनी जहाजांच्या नोंदींशी ताडली. पूर्वी नकाशांवर लिहिलेली कितीतरी नावे चुकीची निघाली. २०२२ साली जाहीर झालेल्या या कामात 'मेसाबा' ही व्यापारी आगबोट सापडली. १९१२ साली 'टायटॅनिक'ला हिमनगांचा इशारा देणारा बिनतारी संदेश पाठवणारी हीच ती बोट. १ सप्टेंबर १९१८ ला पाणबुडीने तिला बुडवले. तिच्या सांगाड्यावर इतकी वर्षे दुसऱ्याच जहाजाचे नाव होते.

खोल समुद्रात मात्र वरून मोजणे पुरत नाही. चार-पाच किलोमीटर खोलीवर वरच्या जहाजातून सोडलेली शलाका पसरट होते आणि चित्र अंधूक येते. तिथे यंत्र तळाजवळ न्यावे लागते आणि संशयित जागी केबलने बांधलेले दूरनियंत्रित यंत्र, त्याचे दिवे आणि कॅमेरे, खाली सोडावे लागतात. दिव्याच्या उजेडात एका वेळी काही मीटरच दिसते. सव्वाशे मीटर लांबीचे जहाज असे तुकड्या-तुकड्याने बघावे लागते आणि नंतर ते तुकडे जोडावे लागतात.

लोखंडाच्या पोटात काय बघतात

वाफेच्या जहाजाचे सर्वांत टिकाऊ अवयव म्हणजे बॉयलर आणि इंजिन. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला सिरोंच्यात आज हे ऐकताना लांबचे वाटेल, पण १८६० च्या दशकात सिरोंचा हे अपर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे असताना आर्थर कॉटन या इंजिनिअरच्या कल्पनेतून आणि हेग या इंजिनिअरच्या देखरेखीखाली गोदावरीतून वाफेच्या बोटी वरपर्यंत आणायचा मोठा घाट घातला होता. इंचमपल्लीसारखे खडकांचे अडसर फोडण्यावर आणि बाजूने कालवे काढण्यावर खूप पैसा गेला, अखेर १८७१ साली काम सोडून द्यावे लागले. नदीची असो की समुद्राची, वाफेची बोट आतून सारखीच. पाणी उकळणारे जाड पत्र्याचे बॉयलर, वाफ झेलणारे सिलिंडर आणि पंख्यापर्यंत जाणारा दांडा.

बाजूचे पत्रे गंजून कोसळतात, डेक खाली बसतो, पण बॉयलर उभे राहतात. म्हणून ते आधी मोजतात. किती आहेत, व्यास किती, एकेरी तोंडाचे की दुहेरी, किती भट्ट्या. व्यापारी आगबोटींची इंजिने बहुतेक तीन सिलिंडरची असत. वाफ आधी लहान, मग मधल्या, मग मोठ्या सिलिंडरात पसरून तिन्ही ठिकाणी काम करून जाई. या तिन्हींचे व्यास लॉइड्स रजिस्टर या जहाजांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या वार्षिक पुस्तकात प्रत्येक जहाजापुढे इंचांत छापलेले असत. तळाशी मोजलेले व्यास आणि पुस्तकातला आकडा जुळला की संशयित नावांची यादी झपाट्याने आखडते. थुटाचा घेर आणि ओंडक्याची गोलाई जुळवावी तसेच हे.

लाकडाचीही साक्ष असते. 'टायटॅनिक'च्या डेकवरचे पाइनचे लाकूड समुद्रातल्या किड्यांनी खाऊन टाकले, पण सागवानी भाग बरेच टिकले. सागातले तेल जंगलात वाळवीला दूर ठेवते आणि समुद्रात किड्यालाही. ब्रिटिश जहाजांवर सागाची कामे भरपूर असत, त्यातला बराच साग ब्रह्मदेशचा. एखादा सागवानी कठडा किंवा पायरी जागच्या जागी सापडली तर कप्तानाच्या ब्रिजची आणि केबिनांची जागा ठरवायला ती उपयोगी पडते.

'गैरसोप्पा'ची ओळख अशीच जुळत गेली. २०११ साली अमेरिकेतल्या ओडिसी मरीन एक्सप्लोरेशन या कंपनीला आयर्लंडपासून सुमारे तीनशे मैलांवर, ४,७०० मीटर खोल, एक जहाज ताठ उभे सापडले. नाव दिसत नव्हते. पण होल्डची संख्या आणि मांडणी, नांगराचा प्रकार, दोर बांधायच्या खुंटांच्या जागा आणि टॉर्पेडोने पाडलेले भगदाड, सगळे कागदाशी जुळत होते. होल्डमध्ये चहाच्या पेट्या दिसल्या. एकेक पुरावा सुटा घेतला तर दहा जहाजांना लागू पडेल. त्या साच्याची जहाजे अनेक होती, चहा नेणारीही अनेक होती. पण त्या साच्याचे, त्या जागी, त्या बाजूला टॉर्पेडो लागलेले आणि चहा भरलेले जहाज एकच होते. जहाजाची ओळख अशा जुळणीतून पटते.

घंटा, बशी आणि कौल

समुद्राचे बूड गाठणाऱ्यांना सर्वांत प्रिय वस्तू जहाजाची घंटा. पितळेची, न गंजणारी, अंगावर नाव आणि बहुधा बांधणीचे साल कोरलेली. ६ ऑक्टोबर १९४१ ला जर्मन विमानांनी तांबड्या समुद्रात बुडवलेल्या 'थिसलगॉर्म' या ब्रिटिश मालवाहू जहाजाचा छडा १९५५ च्या सुमारास फ्रेंच समुद्रसंशोधक कुस्तो यांच्या चमूने लावला, तेव्हा घंटेवरच्या नावाने शंका मिटली. आज ते जगातल्या सर्वांत जास्त पाहिल्या जाणाऱ्या सांगाड्यांपैकी एक आहे.

तरी घंटेवरही डोळे झाकून विसंबता येत नाही. विकत घेतलेल्या जहाजाला नवे नाव देताना जुनी घंटा तशीच राहू शकते. कपबश्यांवरच्या चिन्हाचेही तेच. पी अँड ओ किंवा एलरमन कंपनीचा शिक्का बशीवर दिसला तर कंपनी कळते, तिच्या शंभर जहाजांतले कोणते ते कळत नाही.

गोव्याच्या किनाऱ्यावर दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने सेंट जॉर्ज रीफजवळ केलेल्या शोधात असाच अनुभव आला. तिथल्या सांगाड्यात कौले आणि भाजलेल्या मातीचे सामान होते आणि त्यावर बासेल मिशन टाइल वर्क्सचे नाव १८६५ या सालासह उमटलेले होते. यावरून जहाज १८६५ च्या आधी बुडालेले नाही एवढे पक्के झाले, मालाची वाटही कळली. जहाजाचे नाव मात्र कौलावर लिहिलेले नव्हते. वस्तू काळ सांगते आणि प्रवास सांगते. नावासाठी आणखी पायऱ्या चढाव्या लागतात.

घाईने केलेली ओळख किती फसवी असते याचे ठळक उदाहरण 'कार्पेथिया'चे. 'टायटॅनिक'च्या प्रवाशांना वाचवणारी ही आगबोट १७ जुलै १९१८ ला यू-५५ या पाणबुडीने बुडवली. १९९९ साली ती सापडल्याची बातमी जगभर छापून आली. पुन्हा जाऊन नीट पाहिल्यावर ते जहाज १९३६ च्या वादळात बुडालेले जर्मन 'इसिस' निघाले. खरी 'कार्पेथिया' पुढच्या वर्षी सापडली. जागा जवळपास पटली, आकार पटला, म्हणून नाव लावून टाकले की असे होते.

मुंबईची चांदी

मुंबईहून निघालेल्या दोन आगबोटींमुळे हा विषय मराठी वाचकाच्या फार जवळ येतो.

पहिली 'सिटी ऑफ कैरो'. १९१५ सालची, एलरमन कंपनीची. ऑक्टोबर १९४२ मध्ये ती मुंबईहून प्रवासी आणि सुमारे १०० टन चांदीची नाणी घेऊन निघाली. ही नाणी ब्रिटिश तिजोरीसाठी भारतातून नेली जात होती. केप टाउन सोडल्यावर, ६ नोव्हेंबरच्या रात्री दक्षिण अटलांटिकमध्ये यू-६८ ने तिला दोन टॉर्पेडो मारले. पाणबुडीचा कप्तान मेर्टेन होड्यांजवळ आला, त्याने जवळच्या जमिनीची दिशा सांगितली आणि जहाज बुडवल्याबद्दल माफी मागून शुभरात्र म्हटले, ही आठवण वाचलेल्यांनी पुढे अनेकदा सांगितली. १०४ माणसे गेली. एक होडी ५१ दिवस भरकटत राहिली.

डीप ओशन सर्च या कंपनीला २०११ साली तिचा सांगाडा सेंट हेलेना बेटाच्या दक्षिणेला ५,१५० मीटर खोल सापडला. दोन तुकडे झालेला, चिखलात रुतलेला. पुढच्या दोन वर्षांत नाण्यांचा मोठा भाग वर काढला आणि २०१५ मध्ये ही गोष्ट जाहीर झाली. इतक्या खोलीवरून माल वर काढण्याचा तो त्या वेळचा विक्रम होता. नाण्यांचा पुरावा फार बोलका असतो, कारण प्रत्येक नाण्यावर साल असते. ढिगातले सर्वांत नवे साल जहाजाच्या शेवटच्या प्रवासाच्या पलीकडे जाऊ शकत नाही.

हे रुपये परके नव्हते. युद्धकाळात चांदी टंचाईत आली. १९४० पासून नव्या रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि जुने, जवळजवळ शुद्ध चांदीचे रुपये चलनातून काढून घेतले. गडचिरोलीतल्या गोंड-माडिया बायांच्या गळ्यातल्या माळेत ओवलेला राणीछाप रुपया हा त्याच जातीचा. गळ्यात ओवला गेला म्हणून तो सरकारजमा झाला नाही आणि समुद्रातही गेला नाही. जे गेले, त्यांतले हजारो अटलांटिकच्या चिखलात ७० वर्षे पडून राहिले.

दुसरी 'तिलावा'. ब्रिटिश इंडिया कंपनीची, १९२४ सालची, दहा हजार टनांची. २० नोव्हेंबर १९४२ ला ती मुंबईहून मोंबासा, लोरेन्सो मार्केस आणि दरबानकडे निघाली. तिच्यावर ९५८ माणसे होती. बहुतेक प्रवासी आफ्रिकेत पोट भरायला गेलेल्या भारतीय कुटुंबांतले होते, त्यांत गुजराती फार. २३ तारखेच्या पहाटे अंधारात आय-२९ या जपानी पाणबुडीचा पहिला टॉर्पेडो लागला. जहाज लगेच बुडाले नाही. होड्यांत उतरलेले काही लोक परत वर चढू लागले आणि तेवढ्यात दुसरा टॉर्पेडो आला. २८० माणसे मेली. बर्मिंगहॅम या ब्रिटिश युद्धनौकेने आणि 'कार्थेज' या जहाजाने ६७८ जणांना वाचवले. त्यांतले बहुतेक २७ तारखेला पुन्हा मुंबई बंदरात उतरले. याच आय-२९ ने पाच महिन्यांनी, एप्रिल १९४३ मध्ये, मादागास्करजवळ जर्मन पाणबुडीतून आलेल्या सुभाषचंद्र बोस यांना आपल्यात घेतले होते.

'तिलावा'वर चांदीच्या २,३६४ लगड्या होत्या. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नाणी पाडण्यासाठी त्या मुंबईत विकत घेतल्या होत्या. २०१७ मध्ये अर्जेंटम एक्स्प्लोरेशन या कंपनीने सुमारे अडीच किलोमीटर खोलीवरून त्या काढल्या आणि साउदॅम्प्टनला नेल्या. मग खटला उभा राहिला. चांदी दक्षिण आफ्रिकेची, यावर वाद नव्हता. वाद हा होता की बुडाली तेव्हा ती व्यापारी वापरात होती का, म्हणजे काढणाऱ्या कंपनीला ब्रिटिश न्यायालयात मोबदल्याचा दावा लावता येतो का. खालच्या दोन न्यायालयांनी कंपनीची बाजू घेतली. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ मे २०२४ रोजी एकमताने दक्षिण आफ्रिकेचे म्हणणे उचलून धरले. जहाजाची आणि मालाची ओळख किती काटेकोर हवी, हे या खटल्यातून दिसते. लगड्या किती, कोणाच्या, कोणत्या पावतीवर चढल्या, हे सगळे कागद ऐंशी वर्षांनी न्यायाधीशांसमोर उलगडले गेले.

'गैरसोप्पा'मधूनही २०१२ आणि २०१३ या दोन मोसमांत मिळून २,७९२ लगड्या, सुमारे ११० टन चांदी, वर आली. विम्याच्या कागदावर जी चांदी होती, तिच्यातली ९९ टक्क्यांहून जास्त. इतक्या जुन्या मालाचा हिशोब इतका चोख जुळावा, हीच ओळखीवरची अखेरची मोहोर.

किनाऱ्याजवळचे, ओळखीचे

सगळेच सांगाडे अनोळखी नसतात. पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या 'वोल्फ' या छुप्या लढाऊ जहाजाने मुंबईच्या समुद्रात सुरुंग पेरले. २३ जून १९१७ ला पी अँड ओ कंपनीची 'मंगोलिया' त्यातल्या एका सुरुंगावर आदळून बुडाली. मुंबईकडे येणारी 'पर्शिया' त्याआधीच, ३० डिसेंबर १९१५ ला, क्रीटच्या दक्षिणेला टॉर्पेडोने गेली होती आणि तीनशेहून जास्त माणसे तिच्याबरोबर गेली. तिच्या पोटात कपूरथळ्याच्या महाराजांचे जडजवाहीर होते. पुढे सांगाडा सापडल्यावर जे वर आले, त्यात माणके होती.

मुरगावच्या बंदरात ९ मार्च १९४३ च्या रात्री घडलेले प्रकरण उलट्या तऱ्हेचे. तटस्थ गोव्यात आसरा घेतलेल्या 'एरेनफेल्स' या जर्मन व्यापारी जहाजावरून पाणबुड्यांना गुप्त संदेश जात होते. कोलकात्याहून आलेल्या स्वयंसेवकांनी त्यावर छापा घातला. 'एरेनफेल्स', 'ड्राखेनफेल्स', 'ब्राउनफेल्स' आणि इटालियन 'अँफोरा' यांच्या खलाशांनी आपलीच जहाजे पेटवून बुडवली. ही जहाजे कोणती हे साऱ्या बंदराला ठाऊक होते. दडले होते ते छाप्याचे कारण आणि ते बाहेर यायला तीन दशके लागली.

माणसांची ओळख

जहाजाचे नाव कळले, माल मोजला, न्यायालयाने निकाल दिला. आता जहाजावरची माणसे राहिली. या आढाव्यातला सर्वांत अपुरा भाग हाच आहे.

या आगबोटी भारतीय खलाशांच्या हातांवर चालत. डेकवर सारंग, टंडेल, सुकाणी आणि खलाशी. खाली बॉयलरपाशी आगवाले आणि तेलवाले. भटारखान्यात भंडारी. रत्नागिरीच्या खाड्यांतली गावे, गोवा, सिल्हेट, चितगाव, पंजाबचा डोंगराळ भाग अशा ठिकाणांहून ही माणसे येत आणि सारंग आपल्या गावची टोळी घेऊन चढे. टॉर्पेडो बहुधा पाण्याखाली, इंजिनाच्या आसपास लागे. आगवाल्याला जिना चढून वर यायलाही वेळ मिळत नसे. 'गैरसोप्पा'वर ८५ माणसे गेली, त्यांतली बहुतेक भारतीय होती.

त्याच 'गैरसोप्पा'च्या चिखलातून एक विलक्षण गोष्ट वर आली. सातशेहून जास्त पत्रे. डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्थानातून टपालात पडलेली, मालाखाली दबून गाळात प्राणवायूविना राहिल्यामुळे टिकलेली. २०१८ मध्ये लंडनच्या टपाल संग्रहालयाने ती मांडली. घरच्यांना लिहिलेली खुशाली, नाताळच्या शुभेच्छा, प्रेमाच्या गोष्टी. कागद लोखंडापेक्षा टिकाऊ ठरला. पण पत्रे बहुतेक गोऱ्या साहेबांची आणि सैनिकांची. बॉयलरजवळ घाम गाळणाऱ्याने लिहिलेले किंवा लिहवून घेतलेले पत्र त्या पोत्यात नव्हते, कारण तो स्वतःच ते पोते वाहणाऱ्या जहाजावर होता.

मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये दोन्ही महायुद्धांत समुद्रावर मेलेल्या आणि कबर नसलेल्या भारतीय नाविकांची स्मारके आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे साडेसहा हजार जणांची नावे एका ग्रंथात आहेत. त्याची जोड-प्रत चितगावच्या स्मारकासाठी केली गेली. त्या काळच्या नोंदींत कितीतरी खलाशांचे एकच नाव मिळते. आडनाव नाही, गाव धड नाही, इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिलेले. एकाच नावाची पाच माणसे पाच जहाजांवर. चांदीच्या लगडीला क्रमांक होता, इंजिनाच्या सिलिंडरला इंचांचे माप होते, आगवाल्याच्या वाट्याला एक अर्धे नाव आले.

कायदाही इथे हळूहळू सरकतो. पाण्याखालच्या सांस्कृतिक वारशाबद्दलचा युनेस्कोचा २००१ चा करार शंभर वर्षे पाण्यात राहिलेल्या गोष्टींना लागू होतो. म्हणजे पहिल्या महायुद्धातली जहाजे त्याच्या कक्षेत आली, दुसऱ्यातली १९३९ ते ४५ मधली जहाजे २०३९ पासून एकेक करून येतील. तोवर जहाजांचे लोखंडी पत्रे विरळ होत जातील, बॉयलर बसतील, मोजायच्या खुणा कमी होतील. पाणबुडीचा शेवटचा टॉर्पेडो कोणत्या बाजूला लागला हे सांगणारे भगदाडच कोसळले की जुळणीतला एक दुवा कायमचा तुटतो.

माणसांच्या बाबतीत अजून एक दप्तर उघडायचे बाकी आहे आणि ते तळाशी नाही. खलाशाचे नोकरीचे दाखले पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवत. खलाशी त्या दाखल्यालाच नली म्हणत. त्यावर त्याचे नाव, बापाचे नाव, गाव, वय, शरीरावरच्या खुणा आणि जहाजांची यादी एकापाठोपाठ लिहिलेली असे. युद्धात गेलेल्याची शेवटची नली त्याच्याबरोबर गेली, पण त्याआधीचे कागद, कंपनीने पाठवलेले पैशांचे चिठोरे, मृत्यू कळवल्याचे पत्र हे कोकणातल्या आणि गोव्यातल्या जुन्या पेट्यांत असू शकते. मस्जिद बंदरच्या ग्रंथातले एकेरी नाव, जहाजाच्या भरतीच्या कागदावरचा अंगठा आणि घरातल्या पेटीतला दाखला ही तीन पाने शेजारी ठेवून पाहायचे काम जहाजे शोधणाऱ्या कंपन्या करणार नाहीत. ते काम या किनाऱ्यावरच्या लोकांना आणि इथल्या विद्यापीठांना करावे लागेल. त्याला खोल समुद्रात जाणारे यंत्र लागत नाही.